त्या काळात आणखी कोण होते?

जुन्या कादंबरीतल्या एखाद्या प्रसंगावर, बाईच्या तोंडी घातलेल्या एखाद्या वाक्यावर किंवा गावकुसाबाहेरच्या माणसाच्या चित्रणावर कुणी हरकत घेतली, की तिला मिळणारे उत्तर बहुतेक ठरलेले असते. तो काळच तसा होता, आजच्या फूटपट्टीने कालची माणसे मोजू नयेत. या उत्तरात तथ्य आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या लेखकाला न मिळालेले अनुभव, न वाचलेली पुस्तके आणि न झालेली आंदोलने त्याच्या खात्यावर टाकणे अन्यायाचेच आहे. पण या उत्तरात एक गृहीतक लपलेले असते, आणि ते फार क्वचित तपासले जाते. त्या काळाचे मत एकच होते, सगळे तसाच विचार करत होते आणि वेगळे मत आपल्या पिढीने प्रथम शोधले, असे ते गृहीतक आहे. ते खरे की खोटे हे पाहायला कोल्हापूरसारखी दुसरी जागा महाराष्ट्रात सापडणे कठीण. विसाव्या शतकातले मराठीचे दोन सर्वांत लोकप्रिय कादंबरीकार याच शहरात राहून लिहीत होते. ते येथे येण्याच्या थोडे आधी, याच शहरात, जात आणि स्त्री या दोन्ही प्रश्नांवर उघड, लेखी आणि कायदेशीर भांडण होऊन गेले होते.

ना. सी. फडके १९२६ साली राजाराम कॉलेजात अध्यापक म्हणून आले आणि १९४९ पर्यंत तेथेच राहिले. वि. स. खांडेकर शिरोड्याची शाळा सोडून १९३८ साली कोल्हापुरात आले आणि मग कायमचे येथलेच झाले. कलेसाठी कला की जीवनासाठी कला या मराठीतल्या गाजलेल्या वादाच्या दोन टोकांना ही दोन नावे होती. १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फडके होते, तर पुढच्याच वर्षी सोलापूरच्या संमेलनाचे खांडेकर. याच जिल्ह्यातल्या कोवाडचे रणजित देसाई आणि आजऱ्याचे शिवाजी सावंत त्यांच्यानंतर ऐतिहासिक आणि पौराणिक कादंबरी घेऊन आले. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत दोन-तीन पिढ्यांनी जे वाचले, ज्यावर रडल्या आणि ज्यावरून प्रेम, त्याग, पातिव्रत्य यांच्या कल्पना घडवल्या, त्याचा मोठा वाटा पंचगंगेच्या या परिसरातून गेलेला आहे. त्यामुळे या पुस्तकांतल्या सामाजिक दृष्टीची चिकित्सा करायची, तर त्यांच्या भोवतालचे कोल्हापूरही समोर ठेवावे लागते.

ते कोल्हापूर काय होते? शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले, तेव्हा दरबारच्या सामान्य प्रशासनातल्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. थोड्याच वर्षांत वेदोक्त प्रकरण पेटले. राजाला वेदोक्त मंत्रांचा अधिकार आहे की नाही, यावर वर्तमानपत्रांतून अवघ्या महाराष्ट्रात वाद झाला. २६ जुलै १९०२ रोजी मागास वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा आणि विधवा पुनर्विवाहाचा कायदा आला, १९१८ मध्ये आंतरजातीय विवाहाचा. त्याच वर्षी महार वतने रद्द झाली आणि काही जातींच्या माणसांना रोज चावडीवर द्यावी लागणारी हजेरी बंद झाली. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सरसकट शाळांत घ्यावीत असे ठरले, आणि स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. देवाला मुली सोडण्याच्या प्रथेवर १९२० मध्ये बंदी आली. आज ज्यांना आपण आधुनिक मूल्ये म्हणतो, त्यांतली बरीचशी फडके कोल्हापुरात पाऊल ठेवण्याआधीच या संस्थानाच्या राजपत्रात छापून झालेली होती.

येथे एक रास्त आक्षेप येतो. राजाचा हुकूम म्हणजे समाजाचे मत नव्हे. कायदा दप्तरात राहतो आणि पाणवठ्यावर जुनीच रीत चालते. एका द्रष्ट्या राजाच्या उंचीने त्या काळच्या प्रत्येक लेखकाला मोजणे म्हणजे अपवादाचा नियम करणे. आक्षेपाचा पहिला भाग बरोबर आहे, कारण हे कायदे झाल्यावर समाज बदलला असे कुणीच म्हणू शकत नाही. पण ही मूल्ये केवळ राजाच्या डोक्यात होती, हे मात्र खरे नाही. कोल्हापुरात सत्यशोधक समाजाची शाखा १९११ साली निघाली, आणि सत्यशोधकी जलसे खेडोपाडी शेटजी-भटजींच्या वर्चस्वावर बोलत होते. संस्थानाच्या नोकरीतले गंगाराम कांबळे यांना सवर्णांच्या पाण्याला हात लावल्याबद्दल मार खावा लागला. ते गप्प बसले नाहीत, फिर्याद घेऊन राजाकडे गेले. पुढे त्यांनी शहरात भर रस्त्यावर चहाचे दुकान काढले आणि महाराज तेथे थांबून चहा घेत. मार्च १९२० मध्ये माणगावला अस्पृश्यांची परिषद भरली. त्याच वर्षीच्या जानेवारीत ‘मूकनायक’ सुरू करणारे तरुण आंबेडकर तिचे अध्यक्ष होते आणि शाहू महाराज तेथे हजर होते. परिषदेला जमलेल्या माणसांना आपल्यावर अन्याय होतो आहे हे कळायला एकविसावे शतक यावे लागले नाही. त्या काळाचे मत काय होते असे विचारताना आपण नकळत मत नोंदवायला कुणाला बोलावतो, एवढाच प्रश्न आहे. जिच्यावर अन्याय झाला ती व्यक्तीही त्याच काळाची असते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की कथा-कादंबऱ्यांतली सामाजिक दृष्टी तपासणे हा उद्योगही आजचा नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला झालेल्या शिक्षेवरून वर्तमानपत्रांत स्त्रीजातीवर जी टीका उसळली होती, तिला ते उत्तर होते. पण ताराबाई वर्तमानपत्रांवर थांबल्या नाहीत. ‘स्त्रीचरित्र’, ‘मुक्तामाला’, ‘मनोरमा’ अशी त्या वेळी वाचली आणि पाहिली जाणारी पुस्तके व नाटके त्यांनी नावानिशी पुढे ओढली आणि त्यांतल्या स्त्रिया कुणाच्या सोयीने रंगवल्या आहेत ते दाखवले. म्हणजे मराठी कादंबरीचे वय पंचवीसच्या घरात असतानाच तिच्या स्त्रीचित्रणाची झडती एका समकालीन स्त्रीने घेतलेली आहे. तीनच वर्षांनी, १८८५ मध्ये, न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने भरणाऱ्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांनी नाकारले. उच्च जातींच्या ग्रंथकारांच्या पुस्तकांत शूद्र-अतिशूद्रांच्या भावना आणि दुःखे कुठेच मिळत-जुळत नाहीत, तेव्हा त्यांच्या घोळक्यात आम्ही कशाला मिसळायचे, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. कुणाचे जग पुस्तकात येते आणि कुणाचे येत नाही, हा प्रश्न आज विद्यापीठांतल्या चर्चासत्रांत विचारला जातो. तो फुल्यांनी टपालाने पाठवला होता, आणि तो छापूनही आला होता. या दोन नोंदी डोळ्यांआड करूनच आजची फूटपट्टी ही तक्रार करता येते.

तेव्हा न्यायाची कसोटी थोडी वेगळी मांडली पाहिजे. लेखक त्याच्या काळाचा माणूस होता का, या प्रश्नाचे उत्तर नेहमीच होकारार्थी असते, म्हणून त्यातून काही हाती लागत नाही. त्याच्या काळात आणखी कोण काय म्हणत होते, ते त्याच्या कानावर पडण्याजोगे होते का, आणि पडल्यावर त्याने त्याचे काय केले, असे विचारले की लेखक-लेखकांतले आणि पुस्तका-पुस्तकांतले फरक दिसू लागतात. या कसोटीवर काही जण आपण समजतो त्यापेक्षा मोठे ठरतात, काही लहान, आणि पुष्कळदा एकच लेखक एका बाबतीत मोठा आणि दुसऱ्या बाबतीत लहान.

फडके घ्या. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या १८९०च्या दशकातल्या कादंबरीतली यमू केशवपनाला सामोरी जाते. त्यानंतर चाळीस वर्षांच्या आत फडक्यांची नायिका कॉलेजात शिकते, पुरुषाशी बरोबरीने बोलते आणि आपला जोडीदार आपण निवडते. ‘जादूगार’, ‘दौलत’, ‘अटकेपार’ या कादंबऱ्यांनी प्रेमविवाह हा घराण्याला काळिमा लावणारा प्रकार नसून सुशिक्षित तरुणांचा स्वाभाविक हक्क आहे, असे मराठी वाचकाच्या मनात भरवले. त्यांना नुसते गुलछबू म्हणून मोडीत काढणाऱ्याने हा बदल विसरू नये. पण याच कादंबऱ्यांचे जग फार आखूड आहे, हे मराठी समीक्षेने फार पूर्वीच नोंदवले आहे. सुशिक्षित, शहरी, पांढरपेशा घरांपलीकडे त्यांची नजर क्वचित जाते. त्यांतली निवड प्रेमाची असते, पण ती निवडावी अशी माणसे बहुधा एकाच वर्गातून येतात. आंतरजातीय विवाहाला कायद्याने मान्यता दिलेल्या शहरात राहून, प्रेमविवाह हाच विषय घेऊन लिहिणाऱ्या लेखकाबद्दल हे नोंदवावेच लागते.

यावर फडक्यांच्या बाजूने म्हणता येईल, की लेखकाने कशावर लिहावे हे वाचकाने ठरवू नये. ‘प्रतिभासाधन’ लिहिणाऱ्या फडक्यांची तर भूमिकाच होती की कलावंतावर सौंदर्याखेरीज दुसऱ्या कशाचा हक्क नाही. हे मान्य आहे. विषय टाळणे हा गुन्हा नव्हे, आणि एका लेखकाने सगळ्या समाजाची जनगणना करावी अशी अपेक्षा धरणे हास्यास्पद होईल. पण निवडलेल्या विषयातच लेखक काय पाहतो आणि काय वगळतो, ते विचारण्याचा हक्क वाचकाला राहतो. फडक्यांच्या भरभराटीच्या दिवसांतच, १९३३ साली, विभावरी शिरूरकर या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले. त्यातल्या मुलीही शिकलेल्या होत्या, पण शिकून नोकरीला लागलेल्या मुलीच्या पगारावर घर चालते तेव्हा तिचे लग्न कुणालाच कसे नको असते, हे तेथे दिसले. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘हिंदोळ्यावर’मध्ये नवऱ्यापासून वेगळी झालेली स्त्री दुसऱ्या पुरुषासोबत राहण्याचा निर्णय घेते. या पुस्तकांवर एवढे वादळ उठले की लेखिकेला, म्हणजे मालती बेडेकरांना, आपले खरे नाव बराच काळ झाकून ठेवावे लागले. वर्ग तोच, विषय तोच, वर्षेही तीच. फडक्यांच्या नायिकेची कादंबरी जेथे गोड होऊन संपते, तेथे मालती बेडेकरांच्या नायिकेची सुरू होते. ही तुलना करायला आजच्या स्त्रीवादाचा एकही ग्रंथ लागत नाही. १९३४ सालचे पुस्तकाचे दुकान पुरते.

फडक्यांच्याच बाबतीत एक उलटे उदाहरण आहे, आणि ते आपल्या आत्मविश्वासाला आळा घालणारे आहे. १९२७ साली त्यांनी भारतातल्या लैंगिक प्रश्नावर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले. त्याला अमेरिकेतल्या संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना होती. त्यात संततिनियमनाचा धीट पुरस्कार होता, आणि त्याच्या जोडीला सुप्रजननशास्त्राचा, म्हणजे चांगल्या वंशाची पैदास वाढवावी आणि निकृष्टांची रोखावी या विचाराचाही. त्या वेळी युरोप-अमेरिकेतले कितीतरी सुधारक आणि शास्त्रज्ञ हाच विचार प्रगतीची खूण म्हणून मिरवत होते. जर्मनीत त्याचे पुढे काय झाले ते जगाने पाहिले, आणि आज तो विचार उघडपणे मांडायला फारसे कुणी धजत नाही. म्हणजे त्या काळी जे पुस्तक पुढारलेले होते तेच आज अधिक खटकते, आणि खटकते ते त्याच्या पुढारलेपणामुळेच. समकालीनांची कसोटी येथेही लावता येते. जातिव्यवस्था वंशशुद्धीसाठी आहे हा युक्तिवाद आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’ या प्रबंधात खोडून काढला. पण १९२७ मध्ये फडक्यांच्या कानावर पडेल असा विरोधी आवाज त्या मानाने क्षीण होता, म्हणून येथे दोषाचे मापही सौम्य असले पाहिजे. याच कसोटीने आपल्याला थोडे नम्रही केले पाहिजे. आज जे निर्विवाद पुरोगामी वाटते त्यातलेही काही उद्या लाजिरवाणे ठरणार आहे, आणि ते कोणते हे आपल्याला आतून सहज दिसणार नाही.

खांडेकरांचा प्रश्न वेगळा आहे, कारण कलेने जीवनाकडे पाठ फिरवू नये हे त्यांचे ब्रीदच होते. गरिबी, विषमता, ध्येयवाद यांनी त्यांचे साहित्य भरलेले आहे. त्यांच्या १९५९ सालच्या ‘ययाति’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९७४ साली तिच्या लेखकाला ज्ञानपीठ, मराठीचे पहिले. येथे पहिली लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की ‘ययाति’ लिहिताना खांडेकरांनी जुन्या ग्रंथाला नव्या मूल्यांनीच तपासले. महाभारतातली कथा त्यांनी जशीच्या तशी घेतली नाही. शर्मिष्ठेला बोलते केले, कचाला वेगळी उंची दिली आणि भोगलालसेत बुडालेल्या विसाव्या शतकाला उद्देशून ती पुन्हा सांगितली. शिवाजी सावंतांनी १९६७ साली ‘मृत्युंजय’मध्ये सूतपुत्र म्हणून हिणवल्या गेलेल्या कर्णाला नायक केले, ते तरी दुसरे काय होते? जुन्या कथेतल्या अन्यायाला नव्या काळाने जाब विचारायचा नसतो असे मानले असते, तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या या दोन्ही कादंबऱ्या जन्मालाच आल्या नसत्या. त्यांच्या चाहत्यांनी तरी हा नियम पुढे करू नये.

आता ‘ययाति’कडे तिच्याच रीतीने पाहू. कादंबरीत तीन निवेदक आहेत: ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा. पुरुषाच्या आत्मकथनात दोन स्त्रियांना स्वतःची बाजू मांडायला मिळते, हे लहान काम नाही. तरी लेखकाचा कौल कुणाकडे आहे ते लपत नाही. मानी, हट्टी, हक्क मागणारी देवयानी वाचकाच्या मनातून उतरते, आणि सोसणारी, देणारी, काही न मागणारी शर्मिष्ठा उंच होते. ययातीच्या आयुष्यात आणखीही स्त्रिया आहेत. अलका ही दाईची मुलगी, राजपुत्राची बालमैत्रीण. राजपुत्राशी तिची जवळीक झाल्यावर राजमाता तिला जगू देत नाही. पुढे ती उरते ती ययातीच्या मनातली एक हळवी आठवण म्हणून. मुकुलिका ही आणखी एक दासी. या दोघींपैकी कुणालाही निवेदन मिळत नाही. दासीच्या आयुष्याबद्दल बोलण्याचा अधिकार कादंबरीत फक्त शर्मिष्ठेला आहे, आणि ती जन्माने राजकन्या आहे. खांडेकरांची करुणा खरी होती यात शंका नाही. ती कुठवर पोचली आणि कोणत्या उंबऱ्यावर थांबली, हे या रचनेतून दिसते.

ही मर्यादा त्या काळाची होती का? उत्तर त्याच वर्षात आहे. १९५९ सालीच अण्णाभाऊ साठ्यांची ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. वारणेच्या खोऱ्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ शाळेत जेमतेम बसलेले होते, आणि कादंबरी त्यांनी आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली होती. तिच्यात मांगवाड्यातली माणसे मध्यभागी आहेत. जन्माने गुन्हेगार ठरवून ज्यांना हजेरी द्यायला लावले, ती माणसे तेथे स्वतःच्या अब्रूबद्दल, भुकेबद्दल आणि बंडाबद्दल बोलतात. तिच्यातल्या विष्णुपंत कुलकर्ण्यालाही लेखकाने माणुसकीने रंगवले आहे. गावकुसाबाहेरून आत पाहणाऱ्या या लेखकाला वाड्यातला माणूस स्पष्ट दिसला, पण आतून बाहेर पाहणाऱ्यांना ते तितके साधले नव्हते. ‘फकिरा’तही आज खटकेल असे काही सापडेल. वीरत्वाची पुरुषी कल्पना आणि मुलाच्या पराक्रमातून मोठी होणारी आई हे त्यातले ठळक. त्यामुळे एका पुस्तकाला पुढे करून दुसऱ्याला खाली खेचण्याचा हा हेतू नाही. दोन्ही शेजारी ठेवली की ‘काळ’ या सबबीमागे काय झाकले जात होते ते उघडे पडते. त्या वर्षी दासीचे मन लिहिणे अशक्य नव्हते, ते एका विशिष्ट जागी बसलेल्या लेखकाला अवघड होते. काळापेक्षा जागेची मर्यादा पुष्कळदा मोठी असते, आणि ती मान्य केली की लेखकाची निंदाही होत नाही आणि त्याला खोटी माफीही मिळत नाही.

सर्वांत अवघड प्रकरण ‘स्वामी’चे आहे. रणजित देसाईंची ही कादंबरी १९६२ सालची. थोरल्या माधवराव पेशव्यांची राजकारणातली झुंज, क्षय आणि रमाबाईंशी असलेले नाते यांनी तिने वाचकाला वेड लावले, आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊरला माधवराव वारले आणि रमाबाई सती गेल्या, ही इतिहासातली घटना आहे. त्यामुळे येथे बचावाची बाजू भक्कम दिसते. अठराव्या शतकातल्या स्त्रीने विसाव्या शतकासारखे वागावे अशी अपेक्षा कादंबरीकाराकडून करायची का? अर्थातच नाही. पात्राने आपल्या काळाप्रमाणे वागलेच पाहिजे. पण निवेदक १७७२ सालचा नाही. तो बेंटिंकने बंगालमध्ये सतीबंदी केल्यावर १३३ वर्षांनी लिहितो आहे, आणि तरीही तो मृत्यू प्रेमाची परिसीमा, सहजीवनाचे मंगल शिखर म्हणून वाचकाच्या हाती ठेवतो. चितेवरच्या यातना, निर्णयामागचा समाजाचा दाब आणि मागे राहिलेल्या विधवेपुढचे आयुष्य यांतले काहीही त्या उदात्ततेला धक्का लावत नाही. आपण येथे जे तपासतो ते रमाबाईंचे वर्तन नसून १९६२ सालच्या लेखकाची आणि त्याच्या वाचकांची नजर आहे.

त्यातही अठराव्या शतकाने विधवेला सती हा एकच मार्ग ठेवला होता, हे चित्रही इतिहासाला धरून नाही, आणि याचा सर्वांत मोठा पुरावा करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, गादीचा आहे. १७०० साली राजाराम महाराज वारले, तेव्हा त्यांच्या एक पत्नी अंबिकाबाई विशाळगडावर सती गेल्या. दुसऱ्या पत्नी ताराबाईंनी पंचविशीच्या वयात सत्ता हाती घेऊन सात वर्षे औरंगजेबाशी युद्ध चालवले आणि पुढे कोल्हापूरच्या राज्याचा पाया घातला. एकाच पुरुषाच्या दोन विधवा, एकाच वर्षी, दोन वाटांनी गेल्या. माधवरावांच्या काळातच कोल्हापूरवर जिजाबाई राज्य करत होत्या. पती संभाजी महाराज १७६० साली वारल्यावर दत्तक घेऊन त्यांनी १७७३ पर्यंत कारभार पाहिला, म्हणजे थेऊरची चिता पेटली त्या वेळी कोवाडपासून फार लांब नसलेल्या या शहरात एक विधवा गादी सांभाळत होती. तिकडे माळव्यात अहिल्याबाई होत्या. त्यांना सती जाण्यापासून खुद्द सासऱ्यांनी, मल्हारराव होळकरांनी, परावृत्त केले होते. आणि ‘स्वामी’च्याच पानांत गोपिकाबाई वावरतात. त्या पेशव्यांच्या विधवा, माधवरावांच्या आई आणि कादंबरीतल्या सर्वांत खंबीर स्त्रियांपैकी एक. पुरावा कादंबरीच्या आतच होता. तरी रमाबाईंचा मार्ग गौरवाचा ठरला आणि गोपिकाबाईंचा कडवटपणाचा, कारण निवेदनाचा कल तसा आहे.

घडलेली सती आणि तिचा गौरव यांतल्या भेदाला आपल्या कायद्यानेही पुढे मान्यता दिली. १९८७ साली राजस्थानातल्या देवराला गावात रूपकंवर सती गेली, हजारो लोक तेथे जमले, आणि त्यानंतर केंद्र सरकारने केलेल्या कायद्यात सतीच्या उदात्तीकरणालाही गुन्हा ठरवले गेले. घटना सांगणे आणि तिचा महिमा गाणे वेगळे, हे त्यातले तत्त्व आहे. म्हणून ‘स्वामी’वर बंदी घाला असे कुणी सुचवले तर ते मूर्खपणाचे होईल. पण देवरालात जमलेल्या गर्दीचा आपल्याला धक्का बसत असेल, तर मराठी घरांत त्या शेवटच्या प्रकरणावर गहिवरलेल्या गर्दीचेही काहीतरी म्हणणे असले पाहिजे. ते समजून घ्यायचे तर कादंबरी कपाटात बंद करून चालत नाही, ती वाचावी लागते.

जुन्या पुस्तकांतली आक्षेपार्ह वाक्ये गाळून किंवा बदलून त्यांना आजच्या वाचकासाठी स्वच्छ करण्याचा उपाय म्हणूनच घातक आहे. २०२३ साली इंग्लंडमध्ये पफिन प्रकाशनाने रोआल्ड डाल यांच्या बालपुस्तकांतली वर्णने बदलली. त्यावर एवढा गदारोळ झाला की मूळ संहितेच्या आवृत्त्याही चालू ठेवण्याचे प्रकाशकाला जाहीर करावे लागले. शब्द बदलले की दोष जात नाही, दोषाचा पुरावा तेवढा जातो. कोल्हापूर भागातल्या, देवाला सोडलेल्या जोगत्या-जोगतिणींबद्दल आधीच्या साहित्यात काय दिसते आणि काय दिसत नाही, ते जसेच्या तसे समोर असेल तरच १९८०च्या दशकात राजन गवसांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांनी नेमके काय केले ते कळते. शाहू महाराजांच्या बंदीनंतर साठाहून अधिक वर्षांनी त्या माणसांना कादंबरीच्या मध्यभागी जागा मिळाली. हा उशीर हीच साहित्याच्या इतिहासातली एक मोठी नोंद आहे, आणि ती जुन्या पुस्तकांना हात न लावता शेजारी ठेवूनच वाचता येते. शाळा-महाविद्यालयांतल्या अभ्यासक्रमांना यातून करता येण्यासारखे काम सोपे आहे. ‘ययाति’सोबत ‘फकिरा’ लावा, फडक्यांसोबत विभावरी शिरूरकर लावा, ‘स्वामी’सोबत करवीरच्या ताराबाई-जिजाबाईंचा इतिहास लावा. विद्यार्थ्याला वेगळी नीतिकथा सांगावी लागणार नाही.

शेवटचा आक्षेप सौजन्याचा आहे. ज्यांनी आपल्याला वाचायला शिकवले, त्यांचे असे हिशेब मांडणे कृतघ्नपणाचे नाही का? माझ्या मते कृतघ्नपणा सबब सांगण्यात आहे. तो काळच तसा होता असे म्हणून आपण लेखकाला न कळत्या वयाचे मूल ठरवतो, ज्याच्याकडून समजेची अपेक्षाच करायची नसते. फडके तर्कशास्त्र आणि मानसशास्त्र शिकवणारे प्राध्यापक होते, खांडेकर जगाचे साहित्य वाचलेले विचारवंत होते, देसाई पेशवाईच्या कागदपत्रांत बुडालेले अभ्यासक होते. ते वाद घालणारे, वाद ओढवून घेणारे लोक होते, आणि साहित्याचे समाजाशी नाते काय या प्रश्नावर त्यांनी हयातभर एकमेकांना सोडले नाही. त्यांच्या पुस्तकांना ताराबाई शिंद्यांच्या, फुल्यांच्या, गंगाराम कांबळ्यांच्या आणि अण्णाभाऊंच्या समोर उभे करून प्रश्न विचारणे, हा त्यांच्याच वादाचा पुढचा भाग आहे. त्या प्रश्नांना काही ठिकाणी ही पुस्तके समर्थपणे उत्तर देतील, काही ठिकाणी निरुत्तर होतील. पण उत्तर देण्याची ताकद त्यांच्यात आहे असे मानल्याखेरीज प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो, आणि समकालीनांच्या रांगेत उभे राहण्याची ही कसोटी आपल्याही पुस्तकांना पुढची पिढी लावणारच आहे.